बिल शून्य, खर्च किती?

सकाळी पावणेसहा

डायलिसिस कक्षात पहिली पाळी सातला लागते, पण कामाला सुरुवात होते ती मागच्या बोळातल्या आरओ प्लांटपाशी. तंत्रज्ञ दादा मोटार चालू करतात, पाण्याचा कठीणपणा तपासतात, क्लोरीन राहिलंय का ते बघतात आणि नोंदवहीत सही करतात. मी शेजारी उभी राहून दोन मीटरचे आकडे उतरवून घेते. आत आलेलं पाणी किती आणि शुद्ध होऊन पुढे गेलेलं किती.

मी डॉक्टर आहे आणि सध्या आरोग्य अर्थशास्त्र शिकते आहे. प्रकल्पासाठी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयाचा हा कक्ष निवडला आहे. एक डायलिसिस खरोखर कितीला पडतं, तो पैसा कुणाकुणाच्या पदरचा असतो आणि त्याच्या बदल्यात माणसाला काय मिळतं, एवढं मला शोधायचं आहे. एवढंच म्हणते खरी, पण रोज सकाळी या बोळात उभं राहिलं की एखादा नवा रकाना वाढतो.

पाण्याचंच घ्या. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्राव वाहतो. चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर शुद्ध पाणी लागलं. ते मिळवताना आरओतून बाहेर फेकलं जाणारं पाणी वेगळंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तो हा मुलूख. उन्हाळ्यात रुग्णालयाच्या टाकीत टँकर रिकामे होतात आणि टँकरचं बिल सगळ्या रुग्णालयाच्या नावावर पडतं. बाळंतपणाचा वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, स्वयंपाकघर आणि डायलिसिस यांतलं कोण किती पाणी पितं, याचा हिशोब कुठल्याच फायलीत नाही. म्हणून हे दोन मीटर. सामाईक खर्च वाटून घेताना झाडलोट आणि पहारा क्षेत्रफळावर वाटला तर चालतो. पाणी तसं वाटलं तर डायलिसिस फार स्वस्त दिसेल, कारण जागा थोडी आणि पाणी भरपूर.

"मॅडम, हे फेकतोय ते पाणी संडासाच्या टाकीला जोडलं तरी उन्हाळ्यात टँकर वाचतील," दादा म्हणतात. पाईप, जोडणी आणि मजुरीचा अंदाज ते बोटांवर सांगतात. मी लिहून घेते. खर्च मोजायला बसलं की बचत कुठे लपली आहे ते सांगणारी माणसं आपणहून पुढे येतात. आजवर त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

सात

पेशंट आत येतात. आधी वजन. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात साठलेलं पाणी म्हणजे आजचं वजन वजा ठरलेलं कोरडं वजन. सिस्टर आकडा बघतात, कुणाला दटावतात, "परवा लग्नात जेवलात ना?" आणि यंत्रावर किती पाणी काढायचं ते लावतात. मग हातावरच्या फिस्टुलात, म्हणजे शस्त्रक्रियेने जोडलेल्या धमनी-शिरेत, दोन सुया.

माझ्या हातात वेळेचा तक्ता आहे. सिस्टर कुणापाशी किती मिनिटं होत्या, कुणाचा रक्तदाब मध्येच घसरला, कुणाच्या पायाला गोळे आले, सुया काढल्यावर दाबून धरायला किती वेळ गेला. एकच सिस्टर एका वेळी अनेक यंत्रांवर लक्ष ठेवतात, त्यामुळे त्यांचा पगार डायलिसिसच्या संख्येने सरळ भागला तर चित्र चुकतं. ज्यांची तब्येत नाजूक त्यांना दुप्पट-तिप्पट मिनिटं लागतात. स्थिर पेशंटवरचा खर्च आणि अस्थिर पेशंटवरचा खर्च हे दोन वेगळे आकडे आहेत. सरकारी योजनेतून डायलिसिसला मिळणारा पॅकेजचा दर मात्र दोघांना एकच असतो. ज्या रुग्णालयाला फक्त पैशाचा ताळमेळ बघायचा असेल, त्याला नाजूक पेशंट नको वाटू शकतो. सरकारी रुग्णालय त्याला परत पाठवत नाही, म्हणून त्याचा सरासरी खर्च चढा दिसणारच. दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी मांडण्याआधी हे पाहिलं पाहिजे.

नऊ

मुलाखतींची वेळ. सुया लागून स्थिरस्थावर झालेलं असतं, माणूस बोलायच्या मनःस्थितीत असतो.

तिसऱ्या खाटेवरचे काका पंचावन्नच्या आसपासचे. आठवड्यातून दोनदा येतात. मी छापील प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारते: आज डायलिसिसला यायला एकूण किती खर्च आला?

"काहीच नाही. इथं फुकट आहे सगळं."

जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगतो आणि मनापासून सांगतो. खाजगीत दर खेपेला नोटा मोजलेल्या असतात. इथे कुणी हात पुढे करत नाही, याची त्यांना जाण असते. म्हणून तो प्रश्न मी पहिल्या जागेवर ठेवला असला तरी त्याच्या उत्तरावर थांबत नाही. पुढचा प्रश्न असा असतो: काका, आज किती वाजता उठलात? तिथून सांगा.

मग दिवस उलगडतो. साडेतीनला उठणं. गावातून पहिली एसटी साडेसातला. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे, तो कागद त्यांच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आहे. पण साडेसातची गाडी धरली तर इथे पोचायला साडेनऊ होतात आणि पाळी सातची. म्हणून शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर फाट्यापर्यंत, पेट्रोलचे पैसे त्याला. तिथून काळी-पिवळी जीप, माणशी पन्नास. स्टँडवरून इथवर रिक्षा. सवलतीचा कागद परतीला उपयोगी पडतो, तोही दुपारची गाडी वेळेवर आली तर.

"एकटेच येता?"

"नाही. मंडळी आलीय. बाहेर बसलीय."

सुया काढल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, एकदा स्टँडवर पडले होते, तेव्हापासून त्या सोबत असतात. मी बाहेर जाते. कक्षाच्या दारापासून जिन्यापर्यंत बायका भिंतीला टेकून बसलेल्या. कुणाचा नवरा आत, कुणाचा मुलगा. काकू डबा उघडून बसल्या आहेत.

"काकू, आज तुम्ही इथं आला नसता तर काय केलं असतं?"

त्या माझ्याकडे पाहतात. "खुरपायला गेले असते की. तीनशे रुपये हजेरी चाललीय सध्या. दुपारी सुट्टी झाली की म्हशीचं बघायचं."

"म्हशी किती?"

"एक. दोन होत्या. एक गेली दवाखान्यात."

म्हणजे विकली. इथे येण्याआधी खाजगीत दाखवलं, तपासण्या झाल्या, फिस्टुलाचं ऑपरेशन झालं, तेव्हा. आता अर्थशास्त्र शिकणाऱ्याने इथे थांबून नीट विचार करायचा असतो. ऑपरेशनचे पैसे एका रकान्यात आणि म्हशीची किंमत दुसऱ्या रकान्यात लिहून बेरीज केली तर तोच पैसा दोनदा मोजला जातो, कारण म्हशीच्या पैशातूनच ऑपरेशन झालं. एकच लिहायचा. पण तेवढ्याने काकूंचं नुकसान पूर्ण लिहून होतं का? होत नाही. निवांत बाजार करून विकली असती तर म्हैस जेवढ्याला गेली असती, त्यापेक्षा ती कमी पैशात गेली. दावणीला आलेल्या माणसाला ऑपरेशनची तारीख ठाऊक होती. या दोन किमतींमधली तफावत हा खरा, वेगळा तोटा आहे आणि तो कुठल्याही बिलावर छापला जात नाही. मी काकूंना विचारते, त्या वेळी तसल्या म्हशी बाजारात कितीला जात होत्या? काकूंना तो आकडा विचार न करता सांगता येतो. तुमची कितीला गेली, हाही. मी दोन्ही लिहिते.

राहिली त्यांची हजेरी. आठवड्याला दोन दिवस म्हणजे वर्षाला १०४ दिवस. काही अभ्यासांत फक्त आरोग्ययंत्रणेचा खर्च धरतात, तिथे या दिवसांना जागाच नसते. काहींत धरतात, पण घरातली बाई कमावती नाही असं लिहून शून्य लावतात. मला हे शून्य मान्य नाही. या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्यात बाईच्या आणि पुरुषाच्या दिवसाला एकच दर धरला. त्यामुळे किमान दर कोणता, यावर वाद घालायला जागा उरत नाही. ज्यांना बाहेरची हजेरी मिळते त्यांची चालू हजेरी, ज्यांना मिळत नाही त्यांना हमीचा दर, असं मी माझ्या तक्त्यात ठरवलं आहे आणि ते का ठरवलं तेही लिहून ठेवलं आहे. वाचणाऱ्याला पटलं नाही तर तो रकाना वगळून त्याला बेरीज करता आली पाहिजे. म्हणून शासनाचा खर्च आणि घराचा खर्च मी वेगळे मांडते.

देशाच्या आरोग्य लेख्यांत लोकांच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आल्याचं दिसतं. ही घट मोलाची आहे. काकूंची बुडालेली हजेरी मात्र पहिल्या आकड्यात नव्हती आणि दुसऱ्यातही नाही.

साडेदहा

काकांची दुसरी प्रश्नावली. ही जगभर वापरली जाते, पाच प्रश्नांची: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं किंवा त्रास, चिंता किंवा उदासी. प्रत्येकाला पाच पायऱ्या, अजिबात अडचण नाही पासून ते करताच येत नाही पर्यंत. पाच उत्तरांचे पाच अंक मिळतात आणि त्यांच्या ३,१२५ जुळण्या होतात. प्रत्येक जुळणीला एक किंमत असते. पूर्ण निरोगी म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०, आणि काही अवस्था शून्याच्याही खाली, कारण लोकांनी त्यांना मरणापेक्षा वाईट ठरवलं आहे. या किमती डॉक्टरांनी नाही, सामान्य लोकांना विचारून ठरवतात. आपल्याकडे बरीच वर्षं थायलंडच्या किंवा इंग्लंडच्या लोकांनी दिलेल्या किमती उसन्या घेत. चंडीगडच्या पीजीआयमधल्या गटाने भारतीयांना विचारून केलेला संच २०२२ साली प्रसिद्ध झाला. मांडी घालून बसणं, विहिरीवरून पाणी आणणं, सणाला गावी जाणं यांतून ज्यांचं आयुष्य घडलं, त्यांनी स्वतःच्या अवस्थांना स्वतः किंमत लावणं मला फार गरजेचं वाटतं.

मी वाचून दाखवते: आज तुम्हाला रोजची कामं करायला...

काका मध्येच अडवतात. "आजचं विचारताय का उद्याचं? आजचा दिवस गेलाच. घरी जाऊन मी मुडद्यासारखा पडणार. उद्या बांधावर जाऊन येईन. रविवारी पुन्हा पाय सुजायला लागतील."

प्रश्नावलीत 'आज' लिहिलेलं आहे आणि तो शब्द बदलायची मुभा नाही. बदलला तर किमतींचा संच लागू पडत नाही. पण काकांचं म्हणणं बिनतोड आहे. डायलिसिसच्या खाटेवरच सगळ्या मुलाखती घेतल्या तर आयुष्य आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. मधल्या दिवशीच घेतल्या तर बरं दिसेल. म्हणून मार्गदर्शक मॅडमशी बोलून आम्ही ठरवलं की प्रत्येकाची एक मुलाखत इथे आणि एक मधल्या दिवशी फोनवर. दोन्हींच्या मधली तफावत हाच एक निष्कर्ष असेल.

काकांचे आजचे अंक २, १, ४, ३, ३. रोजच्या कामांवरचा चार त्यांना स्वतःलाच लागतो. "शेतकऱ्याला कामच नाही तर..." म्हणतात आणि यंत्राच्या पडद्याकडे बघत राहतात. मी पुढचा प्रश्न लगेच विचारत नाही.

बारा

खालच्या मजल्यावर आरोग्यमित्रांच्या खिडकीशी रांग. रेशनकार्ड, आधार, फोटो, पूर्वपरवानगी. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती. आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. दावा मंजूर झाला की पैसे रुग्णालयाच्या खात्यात जमा होतात. हा पॅकेजचा दर म्हणजे किंमत. खर्च निराळा. त्या किमतीत खर्च भागतो की रुग्णालय पदरमोड करतं, हे तपासायचं तर औषध भांडारात जावं लागतं.

भांडारातले दादा साठ्याची नोंद उघडून देतात. डायलायझर, रक्ताच्या नळ्या, फिस्टुलाच्या सुया, हेपारिन, आम्ल आणि बायकार्बोनेटचे कॅन. दर करारातले. एखादी वस्तू संपली आणि स्थानिक खरेदी करावी लागली तर तीच वस्तू चढ्या दराने येते. वर्षातले किती महिने स्थानिक खरेदी झाली हे मी नोंदीवरून मोजते. उशिरा आलेल्या पुरवठ्यालाही रुपयांत सांगता येणारी किंमत असते. ती वरच्या कार्यालयाला सांगायला हवी.

इथेच यंत्राचा हिशोब. समजा यंत्र सहा लाखांचं आणि दहा वर्षं चालतं. सरळ भागाकाराने वर्षाला साठ हजार. पण सहा लाख आज गुंतले, ते दुसरीकडे वापरता आले असते. ३ टक्के दराने ही अडकलेली रक्कम धरली तर वर्षाला सुमारे ७०,३४० रुपये पडतात. दोन पाळ्या, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे ६०० डायलिसिस. एकामागे ११७ रुपये. तिसरी पाळी लावली तर ७८. लोकांना वाटतं डायलिसिस महाग आहे ते यंत्रामुळे. या आकड्यांकडे पाहिलं की कळतं, यंत्राचा वाटा लहान आहे. पैसा जातो तो वापरून टाकायच्या साहित्यात, पाण्यात आणि माणसांत. देणगी म्हणून यंत्र देणारे पुष्कळ भेटतात, फोटोही निघतो. एका सिस्टरचा वर्षाचा पगार देणारा दाता मिळाला तर तो या कक्षाच्या जास्त कामाचा आहे.

दीड

डबा खात वाचन. आज दोन गावांची गोष्ट आहे, सिएटल आणि बँकॉक.

सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये हातात कायम राहणारी नळी बसवण्याची युक्ती काढली, त्यामुळे एकाच माणसाचं पुन्हा पुन्हा डायलिसिस करणं शक्य झालं. यंत्रं मूठभर, पेशंट कितीतरी. मग सामान्य नागरिकांची एक निनावी समिती कुणाला घ्यायचं ते ठरवू लागली. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांचा लेख आला आणि समितीसमोर उमेदवाराची मिळकत, संसार, चर्चमधला वावर असली माहिती असते, हे लोकांना कळलं. केवढा गहजब झाला. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकी सरकारने कायदा करून डायलिसिसचा खर्च उचलला. 'निरोगी आयुष्याच्या एका वर्षाला पन्नास हजार डॉलर' ही अमेरिकेत पुढे रूढ झालेली मर्यादा डायलिसिसच्या खर्चावरूनच आली, असं बरेचदा सांगितलं जातं.

बँकॉकची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. थायलंडने सर्वांसाठी आरोग्य योजना आणली तेव्हा डायलिसिस त्यात नव्हतं. अभ्यासकांनी हिशोब केला. मिळणाऱ्या आयुष्याच्या मानाने खर्च त्यांच्या मर्यादेच्या खूप वर जात होता. आकड्यांचं उत्तर 'नको' असं होतं. तरी २००८ मध्ये सरकारने ते योजनेत घेतलं, कारण त्याविना घरं कर्जात बुडत होती आणि सरकारी नोकरांना जे मिळतं ते शेतकऱ्याला का नाही, हा प्रश्न टाळता येत नव्हता. घेताना मात्र हिशोब सोडला नाही. घरी करता येणारं पोटातलं डायलिसिस आधी, असं धोरण ठरवलं आणि द्रावाच्या पिशव्यांचा दर सरकारने घासाघीस करून उतरवला. २०२२ मध्ये ते धोरण सैल करून निवड पेशंटवर सोपवली. हिशोब करणारे आणि निर्णय घेणारे एकमेकांशी इतक्या उघडपणे बोलले, याचं मला अप्रूप वाटतं. मर्यादा ओलांडली तर का ओलांडली, ते त्यांनी लिहून ठेवलं. सिएटलच्या समितीने काहीच उघड लिहिलं नव्हतं.

तीन

दुसरी पाळी चालू आहे. मी वरच्या खोलीत फोन घेऊन बसते. पोटातल्या डायलिसिसचे पेशंट इथे येत नाहीत, त्यांच्याशी फोनवर बोलावं लागतं. आरोग्य अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात पहिला प्रश्न शिकवतात: कशाच्या तुलनेत? डायलिसिस 'परवडतं का' याला अर्थ नाही. कशाच्या जागी, हे सांगितल्यावर अर्थ येतो.

पलीकडे एक तरुण, किराणा दुकान चालवणारा. दिवसातून चार वेळा दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, आधीचं पाणी काढून टाकायचं. "मॅडम, महिन्याचे खोके आले की अर्धी खोली भरते. पण दुकान बंद पडलं नाही." त्याच्यासाठी हा सगळ्यात मोठा फायदा. १२० लिटर शुद्ध पाणी नको, सातची पाळी नको. उलट बाजूही तो सांगतो. धुळीचे दिवस, पत्र्याचं घर, हात धुण्यात कसूर झाली आणि पोटात जंतुसंसर्ग होऊन दवाखान्यात पडून राहावं लागलं. ते दिवस आणि ती इंजेक्शनं या पद्धतीच्या खात्यावर लिहायलाच हवीत. ज्या घरात कोरडा, स्वच्छ कोपरा नाही तिथे ही पद्धत कागदावर स्वस्त दिसली तरी प्रत्यक्षात धोक्याची. म्हणजे निवड करताना घराची भिंतसुद्धा हिशोबात येते.

साडेचार

मॅडमशी व्हिडिओ कॉल. त्या मुंबईत. माझा एक्सेलचा तक्ता दोघींच्या पडद्यावर.

"सरासरी दाखवू नकोस, जादा किती लागतं आणि जादा किती मिळतं ते दाखव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज ते आकड्यात करून पाहतो. सगळं धरून एक डायलिसिस २,००० रुपयांना पडतं असं फक्त उदाहरणासाठी मानलं. आठवड्याला दोन, तर वर्षाला २,०८,०००. आठवड्याला तीन, तर ३,१२,०००. दोनवर आयुष्याची प्रत ०.५ आणि तीनवर ०.६ मानू. दोन वेळांचं निरोगी वर्ष ४,१६,००० ला पडलं, तीन वेळांचं ५,२०,००० ला. फरक बेताचा वाटतो. पण दोनवरून तीनवर जाताना जादा १,०४,००० देऊन मिळालं फक्त ०.१. म्हणजे त्या जादा भागाचा दर वर्षाला १०,४०,०००. देशाचं दरडोई सकल देशांतर्गत उत्पादन सव्वादोन ते अडीच लाखांच्या दरम्यान आणि भारतीय अभ्यासांत मर्यादा साधारण तेवढीच धरतात. मग तिसरं डायलिसिस नाकारायचं?

मॅडम म्हणतात, "आधी तुझं गणित काय विसरलंय ते सांग." यात आयुष्य किती लांबतं ते धरलेलं नाही. मधल्या काळात धाप लागून रात्री भरती होणारे लोक धरलेले नाहीत. हे दोन्ही घातले की दर उतरतो. आणि घराच्या बाजूने तिसरी खेप म्हणजे काकूंची आणखी ५२ हजेऱ्या, ते घातलं की पुन्हा चढतो. इथे बहुतेक जण दोनदाच का येतात याचं उत्तर मला शासनाच्या रकान्यात सापडत नाही. ते काकूंच्या रकान्यात आहे.

मग तक्त्यात आणखी एक ओळ. रक्तदाब आणि साखर वेळीच आवरली तर डायलिसिस लांबतं. त्या गोळ्या आज घ्यायच्या, वाचणारा पैसा दहा-वीस वर्षांनी. ३ टक्क्यांनी कसर धरली तर दहा वर्षांनंतरचा रुपया आजचे ७४ पैसे, वीस वर्षांनंतरचा ५५ पैसे. ५ टक्के धरले तर दहा वर्षांतच ६१. या एका दरावर प्रतिबंधाचं पारडं खालीवर होतं. मी तीन दरांनी मांडायचं ठरवते: शून्य, ३ आणि ५. उपकेंद्रातल्या गोळ्यांची बाटली आणि इथलं यंत्र यांच्यातला निवाडा एका गृहीतकाच्या आड लपू नये, एवढी काळजी मला घ्यायची आहे.

कुणी म्हणतं, जिवाची किंमत करता तुम्ही. हे मी गेले कित्येक महिने ऐकते आहे आणि माझं उत्तर पक्कं आहे. बाहेर जिन्यावर बसलेल्या बायका रोज ती किंमत देत आहेत. मी ती लिहून काढते आहे, म्हणजे जे निर्णय घेतात त्यांना ती दिसेल.

साडेसहा

दुसरी पाळी सुटली. लाल पिशवीत नळ्या, पांढऱ्या डब्यात सुया, पिवळ्या पिशवीत रक्ताळलेला कापूस. सफाईच्या मावशी वजन करून सांगतात, मी लिहिते. कचरा नेणाऱ्याला पैसे द्यावे लागतात, तेव्हा हाही खर्चच.

आठ

आजचं शेवटचं काम मी प्रबंधासाठी करत नाही. अधीक्षक साहेबांना एक पानी टिपण लिहायचं आहे. पाळ्या लावताना कोण कुठून येतं हे आजवर पाहिलेलं नाही. जसजशी नावं आली तसतशी जागा मिळाली. शहरात राहणारे काही जण दुपारच्या पाळीत आहेत आणि लांबच्या गावांचे सकाळी सातला. नावांची अदलाबदल केली तर शासनाला एक रुपया लागत नाही. काकांना साडेसातची एसटी मिळेल, खिशातला सवलतीचा कागद दोन्ही बाजूंना चालेल, पेट्रोल आणि जीपचे पैसे वाचतील. उपचार तोच, फायदा तोच, खर्च कमी. याहून सोपा निष्कर्ष या विषयात मिळत नाही.

पण दुपारची पाळी सहाच्या पुढे सुटते आणि काही गावांची मुक्कामी गाडी त्याआधीच निघते. काकांच्या रस्त्याला सात दहाची आहे, असं काकू सांगत होत्या. बाकीच्यांचं माहीत नाही. म्हणून टिपणात मी सगळ्या पेशंटची गावं, अंतर आणि सध्याची पाळी एवढाच तक्ता भरला आहे. परतीच्या गाडीचा रकाना मोकळा ठेवलाय. उद्या सकाळी आरओचे मीटर उतरवून झाले की एसटीच्या आगारात जाऊन वेळापत्रक आणायचं, शहरातल्या कुणाकुणाला सातला यायला चालेल ते सिस्टरना विचारायचं, आणि मग कुणाची नावं बदलता येतात ते त्यांच्यासोबत बसून ठरवायचं.